एका टॉवरची सहा नावं

लेगोसमधल्या एखाद्या माणसानं ऑगस्ट २००१मध्ये सिमकार्ड घेतलं आणि पुढे ते कधीच बदललं नाही, असं धरून चालू. घेतलं तेव्हा त्यावर ‘इकोनेट’ असं नाव होतं. २००४ साली ते ‘व्होडाकॉम’ झालं आणि दोनच महिन्यांत ‘व्हीमोबाइल’. २००६मध्ये ‘सेलटेल’, २००८मध्ये ‘झेन’ आणि नोव्हेंबर २०१०मध्ये ‘एअरटेल’. नंबर तोच, घराजवळचा टॉवरही तोच. दहा वर्षंही झाली नाहीत तोवर नावं मात्र सहा. या काळात लेगोसमध्ये सगळ्यात खात्रीचा धंदा कोणाचा चालला असेल, तर तो पाट्या रंगवणाऱ्यांचा.

या सहा नावांतलं शेवटचं आपल्या ओळखीचं. त्याआधीची दोन, सेलटेल आणि झेन, एका नायजेरियापुरती नव्हती. सुदानमध्ये जन्मलेल्या एका इंजिनिअरनं उभी केलेली, मग कुवेतच्या कंपनीनं घेतलेली आणि शेवटी दिल्लीच्या भारतीनं विकत घेतलेली ही एकच कंपनी. डझनभराहून अधिक देशांत पसरलेली. प्रत्येक नवा मालक स्वतःचा एक सिद्धांत घेऊन आला. आफ्रिकेनं तो तपासला आणि बहुतेक वेळा दुरुस्त करून परत दिला.

मो इब्राहिम यांचा जन्म १९४६चा, उत्तर सुदानमधल्या न्युबियन कुटुंबातला. लहानपण इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियात गेलं, इंजिनिअरिंगही तिथंच झालं. पुढे काही काळ सुदानच्या टेलिफोन खात्यात नोकरी, मग इंग्लंड, बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट. विषय होता मोबाइल संपर्क. तेव्हा या विषयात डॉक्टरेट करणं म्हणजे बाजारात नसलेल्या वस्तूचं दुकान थाटण्यासारखं होतं. १९८३मध्ये ब्रिटिश टेलिकॉमनं त्यांना ‘सेलनेट’ या नव्या मोबाइल कंपनीचे तांत्रिक संचालक म्हणून बोलावलं. १९८५च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली, ती उभारणाऱ्यांपैकी ते एक.

मोठ्या सरकारी वळणाच्या कंपनीत त्यांचं मन रमलं नाही. १९८९ साली नोकरी सोडून त्यांनी घरच्या जेवणाच्या खोलीत ‘एमएसआय’ ही सल्लागार कंपनी काढली. काम असं : कोणत्या शहरात टॉवर कुठं उभारायचे, कोणत्या टेकडीमुळे सिग्नल अडेल, किती माणसं एकाच वेळी बोलतील, याचं गणित मांडून द्यायचं. त्यासाठी त्यांनी ‘प्लॅनेट’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. युरोपातल्या अनेक कंपन्यांनी त्यावर आपली जाळी आखली. २०००मध्ये एमएसआय मार्कोनी कंपनीला ९० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

खरी गंमत त्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाली होती. नव्वदच्या दशकात जगभर मोबाइलच्या परवान्यांसाठी बोली लागत होती. आफ्रिकेतले परवाने मात्र स्वस्तात, काही ठिकाणी जवळजवळ फुकट मिळत असूनही कोणी घ्यायला तयार नव्हतं. युगांडातल्या संधीबद्दल इब्राहिम यांनी एका मोठ्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला सुचवलं, तेव्हा त्यानं त्यांनाच वेड्यात काढलं. इदी अमीनच्या देशात धंदा करू म्हणून मी संचालकांपुढे जाऊ का, असं त्याचं म्हणणं. हुकूमशहा इदी अमीन जाऊन तोवर बराच काळ लोटला होता, पण लंडनच्या बैठकांमध्ये तो अजून गादीवरच होता. इब्राहिम हा किस्सा पुढे अनेकदा सांगत आले. १९९८मध्ये त्यांनी स्वतःच कंपनी काढली : एमएसआय सेल्युलर इन्व्हेस्टमेंट्स. पुढे तिचंच नाव सेलटेल.

आफ्रिकेत धंदा म्हणजे मंत्र्यांचे खिसे भरणं, ही समजूत गुंतवणूकदारांच्या मनात पक्की होती. त्यावर इब्राहिम यांनी काढलेला तोडगा साधा होता. संचालक मंडळावर व्होडाफोन उभी करणारे सर जेराल्ड व्हेन्ट, ब्रिटनचे माजी मंत्री लॉर्ड प्रायर, टांझानियाचे माजी पंतप्रधान सलीम अहमद सलीम अशी वजनदार मंडळी आणायची. आणि ३० हजार डॉलरच्या वरची कोणतीही रक्कम द्यायची तर मंडळाची मंजुरी घ्यायची. एखाद्या देशातल्या व्यवस्थापकापुढे कोणी हात पसरला की तो म्हणू शकायचा : मला अधिकारच नाही, लंडनला विचारावं लागतं. ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ हे आपल्याकडच्या कचेऱ्यांतलं जुनं उत्तर नकार म्हणून किती उपयोगी आहे, हे इथं कळतं.

पण लाच टाळली म्हणून टॉवर उभा राहत नाही. शहरात टॉवर म्हणजे एखादी गच्ची भाड्यानं घ्यायची, विजेचं कनेक्शन घ्यायचं, झालं. काँगोमध्ये यातलं काहीच हाताशी नव्हतं. पश्चिम युरोपाएवढा पसरलेला देश, युद्धानं पोखरलेला. रस्ते जंगलानं गिळलेले. काही ठिकाणी यंत्रसामग्री हेलिकॉप्टरनं टेकडीवर उतरवावी लागली. वीज नाही म्हणून डिझेल जनरेटर. एक बिघडला तर सिग्नल जाईल म्हणून दुसरा जनरेटर. डिझेल पोचवायला ट्रक, ट्रकला रस्ता नाही म्हणून तोही दुरुस्त करायचा. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून पहारेकरी आणि त्या पहारेकऱ्याला पाणी हवं म्हणून त्याचीही सोय. मोबाइल कंपनी काढायला निघालेली माणसं एकाच वेळी वीज मंडळ, बांधकाम खातं आणि पाणीपुरवठा होऊन बसली. हिशेबाच्या वहीत हे सगळं ‘नेटवर्क खर्च’ या एका ओळीत मावतं. पुढच्या मालकांनी ती ओळ वाचली. तिच्यामागचा चिखल त्यांना नंतर दिसला.

याच काँगोमधली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल, दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या, काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. या काठावरून त्या काठावरचे दिवे दिसतात. पण एका राजधानीतून दुसरीत फोन लावला तर तो आधी उपग्रहामार्गे युरोपात जायचा आणि तिथून परत यायचा. पैसे आंतरराष्ट्रीय कॉलचे. वसाहतींच्या काळात एक काठ बेल्जियमचा होता, दुसरा फ्रान्सचा. तारा आपापल्या मालकाच्या दिशेनं गेल्या आणि मालक गेल्यावरही तशाच राहिल्या. सेलटेलकडे दोन्ही काठांवर परवाना होता. कंपनीनं नदीवरून मायक्रोवेव्हचा दुवा टाकला. काही किलोमीटरचं काम. दर कोसळले आणि कॉल कैक पटींनी वाढले. नदीच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक होते, व्यापारी होते, बोलायचं खूप साचलेलं होतं.

सगळंच इतकं हुशारीनं झालं असं मात्र नाही. युगांडात सेलटेल हे नाव १९९५मध्येच, म्हणजे इब्राहिम यांची कंपनी निघण्याआधीच, सगळ्यांत पहिलं पोचलं होतं. पहिला फोन पहिल्या श्रीमंतांना विकावा, असा तिथला हिशेब होता : महाग यंत्र, महाग बिल, ग्राहक मूठभर. १९९८मध्ये दक्षिण आफ्रिकेची एमटीएन आली, प्रीपेड कार्डं टपरीटपरीवर नेली आणि वर्षभरात पुढे निघून गेली. आपल्याकडे १९९५ साली आलेल्या कॉललाही कधीकधी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि फोन खिशात असणं ही दाखवायची गोष्ट होती. रोजंदारीवर जगणारा माणूस महिन्याचं बिल भरू शकत नाही, पण आज हातात आलेल्या पैशातून आजचं बोलणं विकत घेऊ शकतो, एवढी साधी गोष्ट मोबाइल कंपन्यांना उमगायला दोन्ही खंडांत वेळ लागला.

स्क्रॅच कार्ड आलं आणि लोकांनी त्याचं काहीतरी वेगळंच केलं. मिस्ड कॉलची कला आपल्याइतकीच तिथंही रुजली. इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांत त्याला ‘फ्लॅश’ करणं म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत ‘बिपे’. आणि एकाच्या फोनमधला बॅलन्स दुसऱ्याला पाठवता येऊ लागला, तसं लोक त्यालाच पैसे समजू लागले. शहरातला मुलगा कार्ड विकत घ्यायचा, त्याचा नंबर गावातल्या दुकानदाराला फोनवर सांगायचा. दुकानदार आपलं कमिशन कापून आईच्या हातात रोख ठेवायचा. मनिऑर्डर होती, पोस्टमन नव्हता.

ही नाडी सेलटेलच्या हाती लागली होती. २००२च्या सुमारास झांबियात कंपनीनं ‘सेलपे’ नावाची मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा सुरू केली. काँगोमध्ये शस्त्रं खाली ठेवलेल्या सैनिकांना मदतीचे पैसे देण्यासाठीही तीच वापरली गेली. बँक नाही, रस्ता नाही, रोकड न्यावी तर लुटली जाण्याची भीती. अशा मुलखात फोनवरून पगार. पण २००५मध्ये सेलपे दक्षिण आफ्रिकेच्या फर्स्टरँड या बँक समूहाला विकण्यात आली. दोनच वर्षांनी, मार्च २००७मध्ये, केनियात सफारीकॉम कंपनीनं एम-पेसा ही तशीच सेवा सुरू केली आणि ती जगभरच्या अभ्यासक्रमांत गेली. सोन्याची खाण भंगाराच्या भावात गेली असं म्हणणं थोडं जास्त होईल. पण ती विकणाऱ्याला पुढे पाच-सात वर्षं याच गोष्टीसाठी धडपडावं लागलं, हे खरं.

२००५पर्यंत सेलटेल १३ देशांत पसरली होती. लंडनच्या शेअर बाजारात नोंदणीची तयारी चालू असतानाच ग्राहक चालून आला : कुवेतची एमटीसी. व्यवहार ३४० कोटी डॉलरचा. कर्मचाऱ्यांकडे शेअर होते, त्यामुळे सुमारे शंभर जण एका रात्रीत डॉलरमधले दशलक्षाधीश झाले. इब्राहिम यांनी त्या पैशातून २००६मध्ये प्रतिष्ठान काढलं आणि चांगला कारभार करून मुदत संपताच खुर्ची सोडणाऱ्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखासाठी ५० लाख डॉलरचं पारितोषिक ठेवलं. पहिलं, २००७चं, मोझांबिकचे जोआकिम चिसानो यांना मिळालं. त्यानंतर कितीतरी वेळा लायक माणूस सापडला नाही म्हणून ते कोणालाच दिलं गेलं नाही. निवड समिती ३० हजार डॉलरच्या नियमाइतकीच कडक निघाली.

एमटीसीचे प्रमुख साद अल-बराक यांच्या योजनेचं नाव ‘तीन गुणिले तीन गुणिले तीन’ : तीन वर्षांत प्रदेशात, पुढच्या तीनमध्ये खंडापार, शेवटच्या तीनमध्ये जगातल्या पहिल्या दहांत. नायजेरियातली व्हीमोबाइल त्यांच्याच काळात सेलटेलमध्ये आली. एमटीसीनं २००७मध्ये स्वतःचं नाव ‘झेन’ केलं. अरबीत त्याचा अर्थ सुंदर, छान. २००८मध्ये आफ्रिकेतल्या सेलटेलच्या पाट्याही उतरल्या.

पण या काळातली एक गोष्ट नावापेक्षा कितीतरी सुंदर होती. सप्टेंबर २००६मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत ‘वन नेटवर्क’ सुरू झालं. सीमा ओलांडली तरी येणारे कॉल फुकट, करायचे कॉल स्थानिक दरानं आणि त्या देशातलं स्क्रॅच कार्ड आपल्या देशातल्या सिमवर चालणार. मोम्बासा बंदरातून माल घेऊन कंपालाकडे निघालेल्या ट्रकवाल्याला आता मलाबा नाक्यावर सिम बदलावं लागत नव्हतं. हळूहळू ही सोय बारा देशांत आणि पुढे पश्चिम आशियापर्यंत गेली. युरोपीय संघानं आपल्या सदस्य देशांमधलं रोमिंग जून २०१७मध्ये रद्द केलं. आपल्याकडे तर कोल्हापूरचा माणूस बेळगावला गेला की रोमिंग, आणि एक काळ असा की मुंबई सर्कल वेगळं म्हणून पुण्याचा माणूस मुंबईत गेला तरी रोमिंग. एअरटेलनं देशांतर्गत रोमिंगचा आकार काढला तो एप्रिल २०१७पासून. बिनरस्त्यांच्या आफ्रिकेत ही सोय त्याच्या दहा वर्षं आधी होती, आणि तीही ज्या कंपनीत होती ती एअरटेलनं मधल्या काळात विकतच घेतली होती!

ती का घेतली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. लुधियानात सायकलचे सुटे भाग बनवण्यापासून सुरुवात केलेले सुनील मित्तल १९९५मध्ये दिल्लीत मोबाइलच्या धंद्यात उतरले. त्यांचं मोठं धाडस २००४चं. त्या वर्षी भारती कंपनीनं आपलं नेटवर्कच बाहेर देऊन टाकलं. यंत्रं एरिक्सन आणि इतर लावणार, सांभाळणार. कंपनी पैसे देणार ते यंत्रांचे नाही, त्यावरून जितकं बोलणं वाहील त्याचे. संगणक व्यवस्था आयबीएमकडे. मोबाइल कंपनीनं नेटवर्क दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हॉटेलवाल्यानं भटारखाना भाड्यानं देण्यासारखं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण जमलं. खर्च इतका उतरला की जगातले सगळ्यात स्वस्त दर ठेवूनही नफा होऊ लागला. या पद्धतीला ‘मिनिटांचा कारखाना’ असं नाव पडलं. त्याच्या जोडीला काडेपेटीचा न्याय : ज्या दुकानात काडेपेटी मिळते त्या दुकानात आपला रिचार्ज मिळाला पाहिजे.

भारतात दर पैशांत मोजायची वेळ आली, स्पर्धक डझनभर झाले, तेव्हा कारखान्याला नवी बाजारपेठ हवी होती. २००८ आणि २००९मध्ये दोनदा एमटीएनशी बोलणी झाली, दोनदा फिसकटली. तेवढ्यात झेनच्या कुवेती भागधारकांना आफ्रिका विकायची होती. मार्च २०१०मध्ये करार आणि जूनमध्ये ताबा : १५ देश, ४ कोटी २० लाख ग्राहक, कर्जासकट १०७० कोटी डॉलर. जवळजवळ सगळी रक्कम कर्जाऊ. सुदान या व्यवहारात नव्हता, तो झेननं स्वतःकडे ठेवला. म्हणजे ज्याच्या डोक्यातून ही कंपनी निघाली, त्याच्या जन्मभूमीत एअरटेलचं नाव गेलंच नाही.

भारतीचे मनोज कोहली नैरोबीत जाऊन बसले. उद्दिष्ट जाहीर झालं : मार्च २०१३पर्यंत १० कोटी ग्राहक आणि ५ अब्ज डॉलरची उलाढाल. भारतातलं यंत्र जसंच्या तसं उचलून नेण्यात आलं. संगणक व्यवस्था आयबीएमकडे, नेटवर्क एरिक्सन, नोकिया सीमेन्स आणि हुआवे यांच्याकडे, ग्राहकांचे फोन घेण्याचं काम आयबीएमबरोबर पुण्याच्या टेक महिंद्राकडे आणि मुंबईच्या स्पॅन्कोकडे. कॉल सेंटर म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाचं काम भारतात आणायचं, हाच इथल्या कंपन्यांचा रिवाज. इथं त्यांना आफ्रिकेत जाऊन, आफ्रिकेतल्याच माणसांना कामावर घेऊन, आफ्रिकेतल्याच ग्राहकांशी बोलायचं होतं.

ऑगस्ट २०१०मध्ये केनियात कंपनीनं दर निम्म्यावर आणले : मिनिटाला ३ शिलिंग, कोणत्याही नेटवर्कवर. सफारीकॉमलाही उतरावं लागलं. भारतात अशा वेळी लोक दुप्पट-तिप्पट बोलायचे आणि गल्ला भरायचा. केनियात लोकांनी स्वस्ताईबद्दल आभार मानले आणि सफारीकॉमवरच राहिले, कारण त्यांचे पैसे तिथं होते. एम-पेसाच्या खात्यात पगार, मुलांची फी, गावाकडच्या भावाचा वाटा. तीन शिलिंगांसाठी माणूस बँक बदलत नाही.

बाकी गणितही हळूहळू उसवत गेलं. कारखाना चालायला तीन गोष्टी लागतात : दाट वस्ती, स्वस्त वीज आणि एकच नियम. भारतात टॉवर एकटा क्वचितच असतो, तो तीन-चार कंपन्यांत वाटून घेता येतो. उत्तर प्रदेशातल्या एका जिल्ह्यात जितके ग्राहक मिळतील तितके चाड किंवा नायजरच्या वाळवंटात शेकडो किलोमीटर फिरून मिळत नाहीत. डिझेलचा खर्च मिनिटं वाढली म्हणून कमी होत नाही. आणि ‘आफ्रिका’ नावाचा देश नाही. भारतात एका दिल्लीशी बोललं की भागायचं. इथं पंधरा सरकारं, पंधरा नियामक, इंग्रजी-फ्रेंच कायद्यांच्या वेगवेगळ्या परंपरा आणि डझनभर चलनं. कमाई नायरा, क्वाचा, शिलिंगमध्ये, कर्ज डॉलरमध्ये. मार्च २०१३ आला तेव्हा ग्राहक साडेसहा कोटींच्या आतच होते.

नायजेरियात तर विकत घेतलेली वस्तू आपलीच आहे का, हेही कोर्टात ठरायचं होतं. पहिल्या नावाचे धनी, झिंबाब्वेचे उद्योजक स्ट्राइव्ह मासियिवा यांच्या इकोनेटचं म्हणणं असं की, शेअर विकायचे तर आधी आम्हाला विचारायला हवं होतं. सेलटेलच्या काळातला हा दावा झेनच्या अंगणातून फिरून एअरटेलच्या दारात आला. पाटी रंगवली म्हणून सात-बारा बदलत नाही, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको.

मग सुरू झाला आवराआवरीचा काळ. बुर्किना फासो आणि सिएरा लिओन २०१६मध्ये फ्रान्सच्या ऑरेंजला विकले. घानात २०१७मध्ये टिगो या कंपनीशी घरोबा केला आणि चार वर्षांनी तो संसारही घाना सरकारच्या हवाली केला. युगांडात वारिद आणि रवांडात टिगो विकत घेतली. टांझानियात सरकारशी बराच वाद झाला आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांवर गेला. यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा माघार वाटत होत्या. आज पाहिलं तर लक्षात येतं की कंपनी ‘आफ्रिका’ हा शब्द सोडून एकेक देश शिकत होती.

आणि शिकलेला मुख्य धडा होता पैशांचा. झेननं २००९मध्ये ‘झॅप’ नावाची सेवा काढली होती, एम-पेसाहून स्वस्त, पण चालली नाही. मोबाइलवरचे पैसे दरावर चालत नाहीत, ते टपरीवाल्याच्या गल्ल्यावर चालतात. गावातल्या बाईनं फोन पुढे केला की समोरच्या माणसाकडे त्या क्षणी रोख हवी. ती नसेल तर ती बाई पुन्हा तिथं येत नाही. एअरटेल मनीनं हळूहळू हे जाळं विणलं : लाल रंगाची लाकडी खोपटी, लाल छत्र्या, एक टेबल, एक वही आणि दुसऱ्या बाजूला रोख पोचवणाऱ्या मोठ्या एजंटांची साखळी. कंपालाच्या रस्त्यांवर एमटीएनची पिवळी आणि एअरटेलची लाल खोकी शेजारीशेजारी दिसतात, कधी तर एकच बाई दोन्ही छत्र्यांखाली बसलेली. सरकारांचंही तिकडे लक्ष गेलं. युगांडानं जुलै २०१८मध्ये मोबाइलवरच्या पैशांवर एक टक्का कर लावला. लोक रस्त्यावर उतरले आणि तो अर्ध्या टक्क्यावर, तोही फक्त पैसे काढण्यापुरता, आणावा लागला. मिठावरच्या करासारखंच हे, प्रत्येकाच्या जेवणाला भिडणारं.

२०२१मध्ये अमेरिकेच्या टीपीजी गटानं एअरटेल मनीत २० कोटी डॉलर घातले, मास्टरकार्डनं १० कोटी. तेव्हा या एका शाखेची किंमत धरली गेली २६५ कोटी डॉलर. झांबियात त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी सुरू झालेलं आणि विकून टाकलेलं ते रोपटं दुसऱ्या मालकाच्या अंगणात पुन्हा उगवलं होतं.

मार्च २०१९ला संपलेल्या वर्षात एअरटेल आफ्रिका नफ्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये ती लंडनच्या बाजारात नोंदली गेली, ८० पेन्सला एक शेअर. पहिल्याच दिवशी भाव आपटला. जानेवारी २०२२मध्ये ती लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. मधल्या काळात नायजेरियाचे सेगुन ओगुनसान्या कंपनीचे प्रमुख झाले. मालकी दिल्लीची, नोंदणी लंडनची, कमाई सगळ्यात जास्त नायजेरियातली. सुदानहून इंग्लंडला गेलेल्या इंजिनिअरला २००५मध्ये जी नोंदणी हुकली, ती चौदा वर्षांनी त्याच टॉवरांवर झाली.

जून २०२३मध्ये नायजेरियानं नायराचा भाव मोकळा सोडला. एका दिवसात तो सुमारे एक तृतीयांश घसरला. त्या वर्षी ग्राहक वाढले, बोलणं वाढलं, पैशांची उलाढाल वाढली आणि तरीही कंपनीनं ८ कोटी ९० लाख डॉलरचा तोटा जाहीर केला. कमाई ज्या चलनात होते त्याच चलनात कर्जही काढावं, ही गोष्ट मग कंपनीनं मनावर घेतली आणि डॉलरमधली देणी झपाट्यानं कमी करत आणली. आता १४ देशांत मिळून ग्राहक १६ कोटींच्या वर आहेत. म्हणजे कोहली यांनी ठरवलेले १० कोटी कधीच मागे पडले, फक्त ठरलेल्या वेळी नव्हे.

आणि लेगोसमधला तो टॉवर? तो अजून उभा असेल तर त्याच्या टोकाला लावलेली यंत्रं एअरटेलच्या कामाची आहेत. टॉवर मात्र बहुधा एअरटेलचा राहिलेला नाही. कर्ज फेडायला पैसे हवे होते, म्हणून नायजेरियातले ४८०० हून अधिक टॉवर विकायचा करार कंपनीनं नोव्हेंबर २०१४मध्ये केला आणि पुढच्या वर्षी ते नव्या मालकाकडे गेले. आता कंपनी त्या जागेचं भाडं भरते. डिझेल, पहारेकरी, कुंपणाची डागडुजी ही सगळी उस्तवार भाडं घेणाऱ्याकडे. त्या कुंपणाच्या दारावर आता जी पाटी असते तिच्यावर सातवं नाव आहे : अमेरिकन टॉवर.